सामूहिक वनहक्क मिळाला; आता तेंदू आणि बांबू विकायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर होऊन दोन वर्षे झाली. जंगल सातशे हेक्टरच्या आसपास, घरे ऐंशी. मागच्या हंगामात तेंदू, म्हणजे विडीचे पान, जुन्याच पद्धतीने गेला आणि ग्रामसभेच्या खात्यात फारसे काही उरले नाही. आता एक ठेकेदार म्हणतो आहे की तेंदू आणि बांबू दोन्ही तीन वर्षांसाठी मला द्या, रक्कम आत्ताच उचल म्हणून देतो. गावातली काही जाणती माणसे ‘घ्या’ म्हणतात, तरुणांना सगळे स्वतःच विकायचे आहे. व्यवस्थापन समितीच्या सचिव ताईंनी विचारले आहे की यातले काय करावे, सुरुवात कुठून करावी, आणि शेजारच्या गावाची माणसे आपल्या हद्दीत येऊन तोडतात त्यांचे काय करावे.

ताई, आधी उत्तर देतो, कारणे मागून. तीन वर्षांचा करार करू नका. तेंदू आणि बांबू एका कागदावर आणू नका. उचल घेऊ नका. तेंदू यंदा व्यापाऱ्यालाच विका, पण मोजणी, मजुरीचे वाटप आणि वह्या गावाच्या हातात घ्या. बांबू यंदा विकूच नका, आधी तो मोजा.

कायद्याबद्दल चार ओळी लिहितो, कारण गावात येणारा माणूस पहिला संभ्रम तिथेच उभा करतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाच्या) व्याख्येत बांबू आणि तेंदूपान दोन्हींची नावे लिहिलेली आहेत आणि त्यावर मालकीहक्क मान्य केलेला आहे. त्याआधी १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे बांबू हे ‘झाड’ धरले जाई, म्हणून तो वनखात्याचा. हा बदल कागदावरून जंगलात उतरायलाही वेळ लागला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू बाहेर न्यायला लागणारा वाहतूक परवाना मिळेना. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. सप्टेंबर २०१२ च्या नियमदुरुस्तीने ही गोष्ट सगळ्यांसाठी पक्की केली : वाहतूक परवाना ग्रामसभेने नेमलेली समिती देते आणि वनोपज गोळा करण्यावर कोणतीही रॉयल्टी वा शुल्क घेता येत नाही. त्यामुळे ‘परवाना मीच काढून देतो, तुम्हाला जमणार नाही’ असे कोणी म्हणाले तर त्याला हा नियम दाखवा. त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये जंगल, वन्यजीव आणि पाण्याचे स्रोत राखण्याचे काम ग्रामसभेवर सोपवले आहे. गावात कायदा वाचून दाखवाल तेव्हा हे कलमही वाचा.

आता उचल. जाणती माणसे ‘घ्या’ म्हणतात त्यामागे कारण आहे. जानेवारी-फेब्रुवारीत घरात पैसा नसतो, लग्ने तोंडावर असतात, दवाखाना कोणाला चुकत नाही. तेव्हा उचल घराघरांत वाटली जाते आणि महिनाभरात संपते. मे उजाडतो तेव्हा पान आपले असते, पण भाव बोलायला तोंड राहिलेले नसते. ज्याने पैसे दिले तो पान मोजणारा मुंशी स्वतःचा आणतो, वही स्वतःची ठेवतो, पान ‘हलके’ आहे असे तोच ठरवतो. आणि अशा वेळी भरपाई कापली जाते ती पानांचे पुडे बांधणाऱ्या बाईच्या मजुरीतून, सही करणाऱ्या अध्यक्षाच्या घरातून नव्हे. घरांची अडचण खरी असेल तर त्याचा वेगळा उपाय आहे, तो पैशाच्या भागात सांगतो.

तीन वर्षांचा करार दिसायला सुरक्षित वाटतो. तेंदूचा बाजार मात्र विडीवर चालतो आणि तो एका वर्षात उलटा होतो. २०१७ च्या हंगामात गडचिरोलीत भाव चांगले चढले. त्याच वर्षी १ जुलैला जीएसटी आला. तेंदूपानावर १८ टक्के, विडीवर २८ टक्के. गोदामात आधीचा माल पडून होता. २०१८ मध्ये भाव कोसळले आणि अनेक ग्रामसभांचे पैसे व्यापाऱ्यांकडे अडकले. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये पानावरचा कर ५ टक्क्यांवर आणला गेला, म्हणजे चित्र पुन्हा बदलले. अशा बाजारात भाव चढले तर लांबचा करार गावाला बांधून ठेवतो, आणि पडले तर व्यापारी पान न उचलता निघून जातो. त्याच्यामागे दुसऱ्या राज्यातल्या कोर्टात जाणे ऐंशी घरांच्या गावाला परवडत नाही. एका हंगामाचा करार, एका मालाचा करार. याच्या पुढे जाऊ नका.

मग तरुण म्हणतात तसे यंदाच सगळे स्वतः का करू नये? कारण पान वाळवून, बोद (पानांची मोठी पोती) भरून, गोदामात ठेवून पावसाळ्यानंतर विकायचे तर आधी मजुरीचे पैसे हातात लागतात, गोदाम लागते आणि विडी कारखानदारांची ओळख लागते. यातले तुमच्याकडे आज काही नाही. त्या मुलांचा उत्साह मोजणीवर, वह्यांवर आणि जंगलाच्या राखणीवर लावा. दोन हंगामांत तो अनुभव हातात आला की पुढचे पाऊल टाकता येईल, आणि तेही एकट्या गावाने टाकू नये. कोरची तालुक्यात नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली आहे. शेजारच्या पाच-सात गावांनी एकत्र जाहिरात दिली, एकाच दिवशी सीलबंद निविदा सगळ्यांसमोर उघडल्या, तर व्यापारी मोठ्या संख्येने येतात आणि गावागावांत वेगवेगळा भाव सांगता येत नाही. हे काम यंदाच होण्यासारखे आहे.

तेंदूत पैसा कुठे सांडतो ते नीट पाहू. लोकांचे लक्ष लिलावाच्या आकड्यावर असते, पण गळती फळीवर, म्हणजे पान मोजून घेण्याच्या जागेवर, होते.

बाई पहाटे चारला निघते. पान आणून दुपारभर घरात सगळे मिळून जुळवतात, आपल्याकडे एका पुड्यात ७० पाने, आणि सालीच्या वाकाने बांधतात. हजार पुड्यांची एक स्टँडर्ड बॅग, म्हणजे सत्तर हजार पाने. संध्याकाळी फळीवर शंभर-शंभरच्या रांगा लागतात. मुंशी हाताने पाच-पाच पुडे उचलत ‘एक, दोन, तीन’ मोजत जातो. वीस झाले की शेकडा. मध्ये कोणीतरी त्याच्याशी बोलते, तो ‘अठरा’ म्हणून थांबतो आणि पुन्हा सुरू करताना ‘अठरा’च म्हणतो. बाईच्या ते लक्षात येते. पण मागे वीस जणी उभ्या असतात, अंधार पडत असतो, घरी पोर रडत असते, आणि ती काही बोलत नाही. त्याखेरीज खराब पुड्यांची भरपाई म्हणून शेकड्यामागे पाच पुडे ‘जादा’ घेण्याची जुनी चाल आहे. ती इतकी अंगवळणी पडली आहे की गावाचाच मुंशी असला तरी तो तेच करतो.

याचा हिशोब मांडा. समजा तुमच्या गावाच्या २०० बॅगा होतात आणि बॅगेला सगळे मिळून ८,००० रुपये भाव लागला. एकूण सोळा लाख. शेकड्याला पाच जादा म्हणजे दहा हजार पुडे, म्हणजे दहा बॅगा, म्हणजे ऐंशी हजार रुपये. लिलावात बॅगेमागे चारशे रुपये वाढवून घ्यायला तुम्ही दिवसभर घासाघीस कराल, आणि तेवढीच रक्कम फळीवर कोणाच्या नजरेस न येता निघून जाईल.

त्यावरचा उपाय साधा आहे, पण रोज पाळावा लागतो. फळीवर ग्रामसभेचे दोन मुंशी हवेत, त्यातली एक बाई. एकाने मोठ्याने मोजायचे, दुसऱ्याने तोच आकडा परत उच्चारून वहीत लिहायचा. दहावी-बारावी झालेल्या मुली हे काम फार चोख करतात, असा माझा अनुभव आहे. तोडणाऱ्या प्रत्येक घराकडे स्वतःचे कार्ड असावे. त्यावर तारीख, पुडे, मुंशीची सही. खराब पुडा तिथल्या तिथे बाजूला काढून बाईला परत द्यायचा, सरसकट जादा घ्यायचे नाही. आणि रोज रात्री दिवसाचा एकूण आकडा गावातल्या फळ्यावर खडूने लिहायचा. ठेकेदाराच्या माणसाने त्याच आकड्यावर रोज सही करायची. हंगाम संपल्यावर ‘बोद कमी भरले’ ही तक्रार ऐकून घ्यायची नाही.

करारनाम्यात काय लिहायचे? मजुरीचा दर आणि त्यावरची रॉयल्टी (ही सरकारची नव्हे, व्यापाऱ्याने ग्रामसभेला द्यायची पानाची किंमत) वेगवेगळी लिहा, नाहीतर भाव पडला की मजुरीच कापली जाते. मजुरी आठ दिवसांत थेट तोडणाऱ्याच्या खात्यात. फळीवरची मोजणी अंतिम. अनामत रक्कम लिलावाच्या दिवशी ग्रामसभेच्या खात्यात जमा; ती उचल नव्हे, ती व्यापारी पळाला तर उरणारी हमी आहे, म्हणून हंगाम संपेपर्यंत तिला हात लावू नका. पान फळीवर मोजून घेतल्यापासून पावसाची जोखीम व्यापाऱ्याची; मे महिन्यात वादळी पाऊस येतोच, आणि पुडे आठवडाभर उन्हात पडलेले, उलटवायचे असतात. सगळ्यात महत्त्वाचे कलम : पूर्ण पैसे खात्यात आल्याशिवाय त्या हप्त्याचे बोद फळीवरून हलणार नाहीत आणि त्यांचा वाहतूक परवाना दिला जाणार नाही. परवान्याचे पुस्तक तुमच्याकडे आहे हीच तुमची ताकद. एकदा ट्रक मुख्य रस्त्याला लागला की तुमच्या हातात फक्त फोन नंबर उरतो. कर कोणी भरायचा तेही करारात लिहा.

हे झाले पानाचे. पण पानाआधी झुडूप येते. तेंदू म्हणजे आपली टेंभुर्णीच. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत लहान झुडपे जमिनीलगत छाटली की चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी मऊ, मोठे, निरोगी पान येते. ही खुटकटाई. तिला मजुरी द्यावी लागते, म्हणून ती टाळून जंगलाला काडी लावली जाते. आगीनंतरही फुटवा येतो आणि तो फुकट वाटतो. त्या आगीत चारोळीची आणि बेहड्याची वर्षभराची रोपे जातात, बांबूचे कोवळे कोंब जातात, पाऊस अडवणारा पाचोळा जातो. मोहाखालची जागा साफ करायला लावलेली आग तशीच डोंगरभर पसरते. खुटकटाईचा खर्च व्यापाऱ्याकडून वेगळा घ्या, काम गावाने करा, आणि ते लहान झुडपांपुरतेच ठेवा. फळ धरणाऱ्या मोठ्या झाडाला हात लावायचा नाही. मोहाखालचा पाचोळा झाडून गोळा करायचा. ज्या पाड्याच्या बाजूने आग लागेल त्या पाड्याने विझवायची, असा ठराव काही गावांनी केला आहे आणि तो चालतो.

तेंदू घ्यायचाच असे नाही, हेही गावात मोकळेपणाने बोला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टरवर हक्क मिळाला. त्या ग्रामसभेने तेंदू तोडणे बंद करायचे ठरवले : त्यासाठी झाडे छाटली जातात, आगी लागतात, टेंभरं (तेंदूची फळे) पाखरांना आणि माणसांना मिळत नाहीत, आणि शेवटी त्या पानातून माणसाच्या जिवाला घातक वस्तू तयार होते. त्यांनी बांबूवर भर दिला आणि जंगलाचा एक तुकडा पूर्ण राखीव ठेवला. मला तो निर्णय फार मोलाचा वाटतो. तुमच्याकडे आज तेवढा बांबू हाती नसेल तर लगेच तसे करा असे मी म्हणणार नाही. मे महिन्यातली ती मजुरी गरीब घराला पावसाळ्याचे धान्य देते. पण विडीचा धंदा पुढच्या पिढीपर्यंत असाच राहील असे धरून गावाचा संसार बांधू नये.

म्हणून बांबू. त्याची घाई करू नका असे का म्हणालो ते सांगतो. वर्षानुवर्षे कागद गिरणीसाठी कटाई झालेल्या जंगलात बेटांची, म्हणजे बांबूच्या झुबक्यांची, अवस्था वाईट असते : कडेचे, सोपे बांबू तोडलेले आणि मधला भाग गुंतून दाटलेला. अशा बेटावर ठेकेदाराची टोळी सोडली तर ती पुन्हा कडेचेच तोडते, कारण तिला दिवसाचा आकडा गाठायचा असतो. नवे बांबू बाहेरच्या कडेला येतात, त्यामुळे कडेचे तोडणे म्हणजे पुढच्या चार वर्षांचे उत्पन्न तोडणे.

बेटाजवळ उभे राहून वय ओळखायला गावातल्या प्रत्येक कापणाऱ्याला आले पाहिजे. यंदाच्या बांबूवर खपले (कोंबावरची आवरणे) चिकटलेले असतात आणि अंगावर पांढरी भुकटी असते. दुसऱ्या वर्षाचा गर्द हिरवा, खालच्या पेरांवर खपल्यांचे तुकडे राहिलेले. तिसऱ्या वर्षापासून रंग पिवळटाकडे झुकतो, अंगावर डाग येतात, कोयत्याच्या पाठीने ठोकले की आवाज बदलतो. पहिल्या दोन वर्षांच्या बांबूला हात लावायचा नाही. जुन्यातलेही निदान तेवढेच उभे ठेवायचे, कारण नव्या बांबूला आधार तेच देतात. आठापेक्षा कमी बांबू असलेले बेट त्या फेऱ्यात सोडून द्यायचे. कापायचे ते जमिनीपासून वीतभर ते दोन विती उंचीवर, पेराच्या लगेच वर. पेराखाली कापले की पेल्यासारख्या खाचेत पाणी साठते आणि बुड कुजते. बेट एका बाजूने, नव्या बांबूच्या विरुद्ध अंगाने उघडायचे आणि आत शिरून जुने काढायचे. जुलै ते सप्टेंबर कापणी बंद. त्या काळात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, येतात. भाजीसाठी घराला लागतात तेवढे काढू द्या, पण बाजारात विकायला काढण्यावर ग्रामसभेने मर्यादा घालावी. एका बेटातले सगळे वास्ते गेले तर ते बेट त्या वर्षी वाढतच नाही.

सातशे हेक्टरचे चार भाग पाडा, दरवर्षी एकाच भागात कापणी करा. ओढे, टेकड्या, जुन्या वाटा या खुणा धरून भाग पाडा, म्हणजे नकाशा न वाचणाऱ्यालाही हद्द कळते. यंदाच्या हिवाळ्यात मुलांना घेऊन प्रत्येक भागात नमुन्याचे तुकडे आखा, त्यातली बेटे मोजा, प्रत्येकात नवे किती, जुने किती, वाळलेले किती ते लिहा. वनरक्षकाला बोलवा, चांगला वनरक्षक असेल तर तो हौसेने शिकवतो, आणि पुढे कोणी ‘ग्रामसभेने जंगल उजाड केले’ म्हणाले तर ही वही उपयोगी पडते. मोजणीतून जो आकडा येईल त्यातून आधी गावाचा निस्तार बाजूला काढा : घरांची छपरे, कुंपणे, मांडव, टोपल्या विणणाऱ्यांना लागणारा बांबू. उरेल तो विक्रीचा.

विकताना उभा बांबू कधीच विकू नका. कापणी गावाने करायची, लांबी-जाडीप्रमाणे डेपोवर थप्प्या लावायच्या, मोजायच्या आणि मग त्या थप्पीचा लिलाव करायचा. लांब, सरळ बांबूला बांधकामवाले आणि शेतकरी वेगळा भाव देतात. सगळे एकत्र बंडलात बांधून गिरणीच्या भावाने दिले तर तो फरक दुसऱ्याच्या खिशात जातो. परवान्यावर ग्रामसभेचा शिक्का, गाडीचा नंबर, नग, तारीख; स्थळप्रत जपून ठेवा आणि वनखात्याला माहितीसाठी एक प्रत द्या.

पैशाचे वाटप आधी ठरवा, पैसे आल्यावर नाही. खात्यात लाखांचा आकडा दिसल्यावर बसलेली ग्रामसभा आणि शून्य असताना बसलेली ग्रामसभा या दोन वेगळ्या सभा असतात. नेपाळमध्ये १९९३ च्या वन कायद्यानंतर गावागावांत वापरकर्त्यांचे समूह उभे राहिले. त्यांना उत्पन्नाचा निदान २५ टक्के वाटा जंगलाच्याच कामावर खर्च करावा लागतो, आणि गरीब घरांसाठीही वेगळा वाटा ठरलेला आहे. तुम्हाला तेच प्रमाण घ्या असे नाही, पण प्रमाण ठरावात लिहा. माझा आग्रह असा की रॉयल्टीतला काही भाग तोडलेल्या पुड्यांच्या प्रमाणात घरांना द्यावा, एक भाग आगराखण, खुटकटाई आणि बेटांच्या साफसफाईला ठेवावा, आणि एक भाग गावाच्या फिरत्या निधीत टाकावा. जानेवारीतल्या अडचणीला हा निधी कमी व्याजाने घरांना कर्ज देतो. उचल थांबवायचा माझ्या पाहण्यातला टिकाऊ मार्ग हाच. ज्या घरात म्हातारी एकटी आहे किंवा कोणी अपंग आहे, त्या घराला पुडे न तोडताही वाटा मिळावा. तोही ठरावात आणा, मेहेरबानीवर सोडू नका.

आणि मजुरी कोणाच्या खात्यात? पान बायका तोडतात, बायका बांधतात, कार्ड मात्र नवऱ्याच्या नावाचे असते. कार्ड तोडणारीच्या नावाने काढा. यावर पहिल्या बैठकीत वाद होईल, होऊ द्या. मेंढा (लेखा) गावात निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने घेण्याची रीत आहे, आणि तिथला अभ्यासगट सभेआधी विषय बसून समजून घेतो. तुमच्याकडेही हा विषय आधी बायकांच्या गटांत बोलला जाऊ द्या, मग सभेत आणा. घाईने मतदान घेतले तर हरलेली घरे पुढच्या सभेला येत नाहीत, आणि मग आगीच्या दिवशीही येत नाहीत.

चारोळीबद्दल थोडे. चारोळी हिरवी असतानाच ओरबाडली जाते, कारण प्रत्येकाला वाटते की मी थांबलो तर दुसरा नेईल. हिरव्या चारोळीत गर भरलेला नसतो, भाव निम्म्यावर येतो, फांद्या मोडतात त्या वेगळ्याच. आपल्याकडे पंडुम हा सण झाल्याशिवाय नवे फळ खायचे नाही ही जुनी रीत होती. ग्रामसभेने तोडणीची तारीख जाहीर केली तर तीच गोष्ट नव्याने उभी राहते, आणि गावातल्या भूमियाला, म्हणजे पुजाऱ्याला, सोबत घेऊन ती तारीख ठरवली तर लोक दंडाशिवाय पाळतात. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरने सीताफळाचे असेच केले : जंगल राखले, फळ एकत्र गोळा केले, प्रतवारी केली आणि ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने विकले. जेमतेम १९३ हेक्टर जंगल आहे त्यांचे. मोठ्या क्षेत्राशिवाय काही होत नाही असे म्हणणाऱ्याला हे सांगा.

कागदपत्रांत तीन गोष्टी यंदाच उरका. ग्रामसभेच्या नावाचे पॅन आणि बँक खाते, तिघांच्या सह्यांनी चालणारे, त्यातली एक सही बाईची. रोजकीर्द आणि पावती पुस्तक. आणि तालुक्याच्या गावी एखादा सीए, जो लिलावाआधी जीएसटी आणि आयकराच्या जबाबदाऱ्या समजावून देईल. गावे चांगली विक्री करतात आणि दोन वर्षांनी आयकराची नोटीस आली की घाबरून पुन्हा ठेकेदाराच्या आश्रयाला जातात; हे टाळता येण्यासारखे आहे. हिशोब दर तीन महिन्यांनी सभेत वाचून दाखवा, आणि गोंडीतही सांगा. मराठी आकडे वाचले गेले म्हणजे म्हाताऱ्या माणसांना कळले असे होत नाही.

राहिला शेजारच्या गावाचा प्रश्न. तिथली माणसे तुमच्या हद्दीत येतात ती बहुतेक पिढ्यान्‌पिढ्या येत आली असतील. तुमच्या नावाचा कागद झाला म्हणून त्यांचा सरपण-पानाचा संबंध एका दिवसात तुटत नाही, आणि कायद्यालाही ते अभिप्रेत नाही. तक्रार वनखात्याकडे किंवा पोलिसांकडे नेऊ नका. एकदा ती तिथे गेली की दोन गावांमध्ये तिसरा कायमचा बसतो. दोन्ही गावांतली जुनी माणसे आणि दोन्ही समित्या मिळून गावाची शीव (हद्द) चालून या, मोबाइलच्या जीपीएसवर खुणा घ्या, ओढा कोणाचा आणि टेकडीची पाठ कोणाची ते जागेवरच ठरवा. जिथे दोघांचा वापर खरा आहे ती पट्टी सामाईक म्हणून दोन्ही ग्रामसभांच्या ठराववहीत एकाच मजकुरात लिहा. त्या पट्टीतले पान त्यांच्या बायकांनी तोडून तुमच्या फळीवर आणले तर मजुरी तुमच्याच दराने द्या, आणि रॉयल्टीचा वाटाही त्याच ठरावात ठरवा. बांबूसाठी मात्र सामाईक पट्टीतही कापणीचे वर्ष एकच असले पाहिजे, नाहीतर तुमचे राखलेले बेट ते कापतील आणि त्यांचे तुम्ही. ही फेरी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, खुटकटाईची तारीख ठरण्याआधी करा, आणि पान तोडणाऱ्या बायकांना सोबत घ्या, कारण कोण कुठपर्यंत येते हे त्यांनाच ठाऊक असते. मार्चमध्ये मोहफुले पडायला लागली की कोणालाही वेळ मिळणार नाही.